सुप्रभात सोसायटीची राखण

१

"…राखण कोनी सोडवलीच नाय ना! शेत इकून मोकले झाले, आनि म्हातारा तितं मचानावरच मेला. आता ती कोकनातली पोर—"

एवढंच ऐकू आलं. माणिकमावशी दाराच्या आड उभ्या होत्या. पुढचं नीट ऐकावं म्हणून त्यांनी दार जरासं ओढलं, तर मेली बिजागरी कुरकुरली आणि जिन्यावरचं बोलणं जागच्या जागी थांबलं. भाजीवाली रुक्मिणी पायरीवर पाटी टेकून झाडूवालीशी बोलत होती. मावशींना बघताच तिने पदर सावरला.

"कोण गं मेलं?"

"कोन नाय, बाय. मेथी घेता का? कवली हाय."

"मेथी घेते. आधी कोण मेलं ते सांग."

"आमच्या गावातली गोष्ट. तुमी काय करताव ऐकून?"

माणिकमावशींना अर्धी गोष्ट ऐकणं म्हणजे अर्धं जेवून पानावरून उठल्यासारखं. पण रुक्मिणीने पाटी डोक्यावर घेतली ती घेतलीच. मेथीची जुडी मात्र मावशींच्या हातात राहिली.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला ही सोसायटी उभी राहून अजून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी तिथे नुसती भातखाचरं होती. प्लॉट बघायला मावशी आणि त्यांचे यजमान मार्तंडराव आले होते, तेव्हा बांधावरून तोल सावरत चालावं लागलं होतं. आता दोन मजली इमारत होती, गच्ची होती, मागे जुनी विहीर होती. पुढच्या प्लॉटांवर चुन्याच्या रेषा आखून खुंट्या ठोकल्या होत्या. पण या पावसाळ्यात त्या खुंट्यांच्या मधून भात उगवलं. कुणी पेरलं नव्हतं. मागच्या वर्षी सांडलेले दाणे रुजले असतील, असं मार्तंडराव म्हणाले. आश्विनात ते लोंब्यांवर आलं, पिवळं झालं, आणि कापायला कुणी नसल्यामुळे तसंच उभं राहिलं.

मावशींचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. कुणाचाही पाहुणा येवो, दार मावशी उघडायच्या. कुणी कुणालाही हाक मारो, "आले हं!" मावशी म्हणायच्या.

"तुला सोसायटीने पगार द्यायला हवा," मार्तंडराव म्हणत. "पोस्टमनने शेजारच्यांचं नाव पुकारलं तरी तू ओ देतेस."

"देते तर देते. कुणी हाक मारली आणि ओ दिली नाही, तर त्या माणसाला कसं वाटेल?"

२

समोरच्या बिऱ्हाडात सुगंधा राहायची. मालवणकडची, वीस-बावीस वर्षांची. नवरा दत्ताराम गिरणीत, पहिल्या पाळीला. पदरात अंगावर पिणारं पोर, त्याला सगळे बाळाच म्हणत. पुरुषमाणसं कामाला गेली, जेवणं-खरकटं झालं, की मावशी तांदूळ निवडायचं सूप घेऊन तिच्याकडे जाऊन बसत. ती वेळ मावशींची आवडती. ऊन टळटळीत, जिना सामसूम, झोळीची दोरी हळूच करकरायची आणि त्या तालावर जगाच्या गोष्टी.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मावशी वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाईंच्या नव्या रेडिओबद्दल सांगत होत्या. सुगंधा हसत होती. हसता हसता झोळीच्या दोरीवरचा तिचा हात थांबला. तिने मान खिडकीकडे वळवली आणि लांब सुरात म्हणाली, "होऽऽऽ!"

मग पुन्हा दोरी ओढायला लागली. "मगे? रेडियो लावल्यान आणि?"

"ओ कुणाला दिलीस गं?"

"कोणी? मी?"

"आत्ता दिलीस की! एवढा गळा काढून."

सुगंधा गोंधळली. तिने ओठांना हात लावून बघितला, जणू काही सांडलं असावं. "माका नाय कळूक, मावशे. गेला असतला तोंडातसून." मग जराशी लाजून म्हणाली, "ल्हान असताना मामाच्या शेताची राखण करायचंय ना मी. भात पिकला की पाखरां, रानडुकरां हाकवूची. ह्या मचाणावरचो त्या मचाणावरच्याक हाळी घालता, त्याने ओ देवची. म्हणजे कळता, दोघंय जागे आसत. ती खोड अजून जाणा नाय."

"पण हाळी कुणी घातली?"

सुगंधाने त्यांच्याकडे असं बघितलं, की मावशींना वाटलं, आपल्यालाच कानाचा डॉक्टर गाठायला हवा.

"तुमका नाय ऐकाक इली?"

३

मग मावशी कान देऊन बसू लागल्या. आणि एका दुपारी त्यांनाही ऐकू आली.

डोंगराकडून. फार लांबून. "कूऽऽऽ" अशी उठली, मध्ये जरा वाकली आणि विरली. त्यात शब्द नव्हता. बाईची की पुरुषाची, तेही सांगता आलं नसतं. सुगंधा तोवर गॅलरीत गेली होती, आणि तिची ओ अशी सहज गेली की जन्मभर ती तेवढंच करत आली असावी. त्यानंतर सगळं शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सुमाराला.

"गुराखी असेल," मार्तंडराव पानावर बसता बसता म्हणाले.

"भर उन्हात कुठला गुराखी? गुरं सावलीला बसतात त्या वेळी."

"मग प्रतिध्वनी. ती पोर ओरडते, डोंगर तिचाच आवाज परत देतो. एवढं शाळेत शिकली असशील."

"अहो, पण आधी तिकडून येतं, मग ही ओ देते."

"तुला उलटं ऐकू येत असेल. कढी वाढ."

मावशी सातवीपर्यंत शिकल्या होत्या. प्रतिध्वनी त्यांना ठाऊक होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर गेल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि डोंगराकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडल्या, "कोण आहेऽऽ?" खालच्या मजल्यावरचे एक शेजारी दात घासता घासता बाहेर आले आणि वर बघत राहिले. डोंगराने काहीही परत दिलं नाही.

४

सुगंधाची ओ आधी घरातून जायची, मग गॅलरीतून, मग ती गच्चीवर जाऊ लागली. आधी हाळी झाल्यावर जायची. पुढे पुढे आधीच जाऊन उभी राहायला लागली, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही.

एका दुपारी मावशींना बाळाचं रडणं ऐकू आलं. नेहमीचं नव्हे, गुदमरल्यासारखं. त्या धावल्या. दार सताड उघडं. स्टोवर दूध उतू जाऊन करपलं होतं, खोलीभर धूर कोंडला होता, आणि झोळीचं एक टोक स्टोच्या अगदी जवळ हेलकावत होतं. त्यांनी पोराला उचललं, स्टो विझवला आणि तशाच गच्चीवर गेल्या. सुगंधा कठड्याशी उभी होती. तापलेल्या लादीवर तिच्या तळपायांना फोड आले होते.

"सुगंधा! अगं, पोर!"

तिने मागे बघितलं. काही क्षण तिला पोर कुणाचं तेच उमगलं नाही. मग उमगलं, आणि ती खालीच बसली.

दत्ताराम पाळी संपवून आला तेव्हा खोलीत अजून धुराचा वास होता. माणूस वाईट नव्हता, पण भ्याला होता, आणि भीतीने त्याचा आवाज चढला.

"आईक कळवलंय. रविवारी बोटीन येतली ती. पोराक घेवन गावाक जातली. तू बस गच्चीर कावळे हाकवत!"

"दत्ताराम, अंगावरचं पोर आहे ते," मावशी म्हणाल्या.

"जिवंत रवात तर अंगावर पियात ना, मावशे?"

तो आंघोळीला गेल्यावर सुगंधाने मावशींचे दोन्ही हात धरले. "माका आवरा, मावशे. बांधून घाला व्हया तर. पण माझो बाळा नेव देव नको."

"कोण नेतंय? मी बसले आहे ना." मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "दुपारभर तुझ्याजवळ बसते. ओ म्हणून देऊ देत नाही तुला. दोन-चार दिवसांत खोड मोडेल. सासूला मी सांगते, पोरीला ताप होता म्हणून."

५

पहिल्या दिवशी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि सुगंधाला मांडीशी धरून बसल्या. हाळी आली. सुगंधाचं अंग ताठ झालं. मावशींनी तिच्या तोंडावर हात दाबला. तळव्याखाली तिचे ओठ हलताना त्यांना जाणवत होते. हाळी पुन्हा आली. मग आली नाही. थोड्या वेळाने सुगंधा तिथेच झोपली, कितीतरी दिवसांनी गाढ. मावशी स्वतःवरच खूश झाल्या. संध्याकाळी मार्तंडरावांना त्यांनी ते दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही जमलं. फक्त एक होतं. हाळी डोंगरावरून आल्यासारखी वाटली नाही. खुंट्या ठोकलेल्या प्लॉटांकडून आली. वारा फिरला असेल, मावशींनी मनाशी म्हटलं. आणि खिडक्या बंद असल्या की आवाज फसवतो.

तिसऱ्या दिवशी ती विहिरीपाशी होती.

आता मावशींच्या आणखी एक लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं. हाळी जसजशी जवळ येत होती तसतशी हळू होत होती. लांबच्या माणसाला ओरडून बोलवावं लागतं. जवळच्याला कुणी ओरडत नाही.

त्या दिवशी त्यांनी खिडकीची फट करून खाली बघितलं. अंगणात विहिरीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर सगळ्या बिऱ्हाडांची लुगडी-धोतरं वाळत होती. वारा नव्हता. चिंचेचं एक पान हलत नव्हतं. विहिरीकडच्या टोकाचं लुगडं मधोमध दुभंगल्यासारखं बाजूला सरलं आणि परत मिटलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्या पुढचं. उभ्या पिकातून वाट काढताना माणूस दोन्ही हातांनी धाटं बाजूला सारत येतो ना, अगदी तसं. शेवटचं लुगडं मावशींचं स्वतःचं होतं, हिरवं. ते सरलं, मिटलं, आणि पलीकडे कुणीही नव्हतं.

खिडकीखालून, बोलण्याच्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "कू."

बाळा झोळीत जागा झाला. रडला नाही. नुसता ऐकत राहिला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीची पाटी मावशींनी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मेथी नको, भोपळा नको. त्या दिवशी काय म्हणत होतीस ते सगळं सांग. मचाणावर कोण मेलं?"

रुक्मिणीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि या खेपेला टाळाटाळ केली नाही. "मी ऐकीव बोलते, बाय. सासऱ्याला इचारा. राखन त्याचीच व्हती."

"सासरा? राखणीचा म्हातारा तर मेला म्हणालीस!"

"तो नाय मेला. चला."

निघण्याआधी मावशींनी सुगंधाला बजावलं, आतून कडी घाल, तोंडात पदर कोंब, काही झालं तरी ओ द्यायची नाही. दुपारच्या आत मी आलेच.

रुक्मिणीचं गाव रेल्वेच्या फाटकापलीकडे. म्हातारा गुणाजी अंगणात जाळं विणत बसला होता. डोळ्यांत फुलं पडलेली, पण बोटं बघत असल्यासारखी चालत होती. "तुम्ही मेलात असं ऐकलं होतं," मावशी म्हणाल्या.

"मी मेलो? या सुनेनं सांगितला आसल," तो हसला. "तिला घाई हाय."

"मग आमच्याकडे हाळी कोण घालतं, बाबा? तुम्ही तर नाही?"

बोटं थांबली. "मी कदी हाळी घातली नाय, बाय. मी ओ द्यायचो. माझा बाप द्यायचा. त्याच्या आदी त्याचा बाप."

"पण पलीकडच्या मचाणावर कोण असायचं?"

"पलीकडं मचान कुटलं? आमचंच शेत शेवटचं. पलीकडं डोंगर."

अंगणातल्या कोंबड्या उगाच कलकलल्या.

"ओ कशाला देयाची? तर इथं मानूस हाय, जागा हाय, हे तिकडं कलावं. म्हंजी ते तितंच ऱ्हातं. ओ नाय गेली तर बघाया येतं, हितं कोन हाय का नाय ते."

"आणि राखण सुटते कधी?"

"कापनी झाली, शेवटची पेंढी घरात आली, का झालं. वरीसभर काय नाय."

"आता कुठली कापणी, बाबा? तिथे इमारत झाली!"

"तेच तर," म्हातारा म्हणाला. "शेत उभं हाय आनि कापनारा नाय. मी सांगितला व्हता जमीनवाल्या शेटला, शेवटचं पीक कापून मंग ईक. त्याला घाई. तुडवून वर मुरूम टाकला."

मावशींनी वर बघितलं. ऊन डोक्यावर यायला आलं होतं. सुगंधा कडी लावून तोंडात पदर कोंबून बसली होती. त्यांनीच बसवली होती तिला.

त्या उठल्या. "बाय, थांबा," म्हातारा मागून म्हणाला, "ओ देताना एक ध्येनात ठेवा, कदी पन—" पण मावशी अंगणाबाहेर पडल्या होत्या. सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारी ती बाई जन्मात पहिल्यांदा अर्धी ऐकून निघाली.

७

फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. मावशी फाटकाच्या दांड्याला धरून उभ्या होत्या आणि सावली पायाखाली गोळा होताना बघत होत्या.

सोसायटीत शिरल्या तेव्हा अंगण मोकळं होतं. लुगडी सरळ लटकत होती. एकच गोष्ट वेगळी होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर भाताची लोंबी पडली होती. पुढच्या वळणावर आणखी एक. चालताना पदराला अडकून आलेली पुढे गळून पडावी तशी.

वरून आवाज आला. आता ती हाळी राहिली नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी बसून कुणी विचारावं, तसं हळू, जवळजवळ मायेनं: "कू?"

सुगंधाच्या दारापाशी.

आतून काही नाही. मग अगदी बारीक, दाबलेला हुंदका. पोर मुकाट बसली होती, कारण माणिकमावशींनी सांगितलं होतं. मग कडीचा आवाज. कडी आतून वाजली की बाहेरून, ते मावशींना कळलं नाही. मग बाळा खळखळून हसला, ओळखीचं माणूस बघून हसतो तसा.

मावशींचे पाय चौथ्या पायरीवर रुतले. ओ द्यायची, नुसती ओ द्यायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. घसा फाटेपर्यंत त्या ओरडल्या. पण जन्मभराची जीभ ती. तिच्यावर जे बसलं होतं तेच निघालं.

"ओऽऽऽ! आले हंऽऽ!"

सगळं थांबलं. वरच्या वळणावरून काहीतरी खाली वाकलं असावं, कारण जिन्यावरचा उजेड मिटल्यासारखा झाला आणि पुन्हा उघडला. त्या उजेडात ओल्या पेंढ्याचा वास होता.

मग खूप लांबून, डोंगरावरून, एकदाच: "कूऽऽऽ."

८

त्यानंतर हाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्या दिवशी नाही. रविवारी सासू बोटीनं आली, सुनेचे हसरे डोळे आणि नातवाचे गाल बघून नारळाच्या वड्या वाटल्या आणि आठवडाभर राहून एकटीच परत गेली. दत्तारामने मावशींच्या पायाला हात लावला. सुगंधा दुपारी झोपू लागली.

"प्रतिध्वनीचा मोसम संपला वाटतं," मार्तंडराव म्हणाले.

मावशीही हसल्या. मग एका सकाळी रुक्मिणी आली, तिच्यापुढे चहाची बशी ठेवून त्यांनी सहज विचारलं, "काय गं, त्या दिवशी तुझा सासरा मागून काय सांगत होता? आणि मचाणावर मेला तो कोण मग?"

"त्याचा थोरला भाव. पन मचानावर मेला नाय, लोक तसा बोलतात." रुक्मिणीने बशी फुंकली. "ओ देयाची, बाय, येतो म्हनायचं नाय. तेच सांगत व्हता म्हातारा. त्याचा भाव एकदा कंटालला, हाळीवर हाळी चाललेली, तर बोल्ला, 'आलो रं, आलो!' मंग हाळी बंदच झाली. समद्यांना बरं वाटला."

"मग?"

"मंग काय नाय. लय दिस काय नाय. एक दिवस दुपारचा मचानावरून उतरला नि डोंगराकडं चालत गेला. भाकर तशीच बांधलेली."

"कुणी हाक मारली होती का त्याला?"

"कशाला मारील? त्यानं येतो म्हनलेला ना. वाट बघत आसल." तिने बशी खाली ठेवली. "बाय, तुमी काय म्हनलाव त्या दिवशी?"

"मी? ओ म्हटलं," मावशी म्हणाल्या. "नुसती ओ."

दुपारी त्या गच्चीवर पापड काढायला गेल्या. अफवा निम्मी खोटी निघाली होती. म्हातारा जिवंत होता, मचाणावर कुणी मेलं नव्हतं. उरलेली निम्मी खाली प्लॉटांवर उभी होती, खुंट्यांच्या मधे, पिवळी, न कापलेली. तिच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या शेवटच्या बांधावर, कुणीतरी उभं होतं. खांब असेल. वाळक्या झाडाचा बुंधा असेल. पण खांब कपाळावर हात धरून, उन्हाला आडोसा करून बघत नाही. 'येतो' असा निरोप धाडलेल्या पाहुण्याची वाट बघताना आपण गॅलरीत उभे राहतो, तसं ते उभं होतं. घाई नव्हती.

"मावशेऽऽ!" खालून सुगंधाने हाक मारली, मोकळ्या, लाडक्या आवाजात. "चाय झाली गेऽऽ! येतास मां?"

बांधावरचा हात कपाळावरून खाली आला.

माणिकमावशींच्या ओठांवर आलं होतं तेच, नेहमीचं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पापडांमध्ये मटकन खाली बसल्या. खालून पुन्हा हाक आली. मग पुन्हा, जराशी काळजीची. त्यांनी ओ दिली नाही. ऐकणारे दोघे होते.